पगाराला देणगी कोण देतं?



ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेत आपण जमलो आहोत त्या सरांविषयी कार्यवाहांनी आत्ताच पुष्कळ सांगितलं. सरांना गौरवपर भाषणांचा कंटाळा होता, असंही त्यांनीच सांगितलं. तेव्हा मी थेट विषयाकडे वळते.

मी समाजसेविका नाही, सनदी लेखापाल आहे. सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासणं हा माझ्या व्यवसायाचा मोठा भाग. त्यात बालगृहं आली, वसतिगृहं आली, मुलांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध काम करणाऱ्या लहानमोठ्या संस्था आल्या. ‘अशा संस्थांना समाजाने पाठबळ द्यावं’ या विषयावर बोलायला मला बोलावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अनुसूची आठ आणि अनुसूची नऊ आल्या. आपल्या राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक या नमुन्यांत असतात. ती फार कुणी वाचत नाही. मला ती पोटासाठी वाचावी लागतात, आणि वाचता वाचता त्यांतून देणाऱ्यांचा स्वभाव कळत जातो.

तो असा. इमारत निधीला पैसे येतात. रुग्णवाहिकेला, संगणकांना, सौरऊर्जेच्या पाट्यांना येतात, कारण त्यावर नाव रंगवता येतं. जेवणाला तर येतातच. गावातल्या कुठल्याही बालगृहात जाऊन पाहा, वर्षश्राद्ध, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस यांची यादी भिंतीवर लावलेली असते आणि पितृपक्षात मुलांना दिवसाआड जिलबी मिळते. पण पत्रकात ‘कर्मचारी वेतन’ म्हणून जी ओळ असते तिच्यासमोर आकडा लिहायचा कुठून, या विवंचनेत संस्थेचा सचिव मार्च महिन्यात माझ्यासमोर बसलेला असतो. ‘मॅडम, पगार थोडे कमी दिसतील असं काही करता येईल का? देणगीदार विचारतात, एवढा पैसा पगारावरच जातो का?’ हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे की आता तो मला प्रश्न वाटत नाही, तक्रार वाटते. मुलांना धंद्यापासून, वेठीपासून, दलालापासून वाचवणाऱ्या संस्थेचा पैसा पगारावर जात नसेल तर तो कशावर जातो, हे खरं विचारायला हवं. आज मला एवढंच मांडायचं आहे. बाकीचं त्याच्या पुष्ट्यर्थ.

मुलांचा व्यापार म्हटलं की आपल्याला सिनेमातलं दृश्य आठवतं. गुंगीचं औषध, बंद गाडी, परका माणूस. असं होतही असेल. पण आपल्या राज्यात अलीकडे जे उघडकीला आलं ते फार साधं होतं. २०२२च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवरची दहा-अकरा वर्षांची मुलगी दगावली. तिला आईबापांनी मेंढ्या वळायला नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणजे, बदल्यात एक मेंढी आणि थोडे रुपये घेतले होते. मुलगी मरणाच्या दारात असताना घरापाशी आणून टाकली, तेव्हा गोष्ट बाहेर आली. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला आणि मग त्याच भागातली, तशाच सौद्यात गेलेली आणखी मुलं एकामागून एक सापडत गेली. गुन्हे दाखल झाले. वर्तमानपत्रांत मथळे आले, ‘मेंढीच्या बदल्यात मूल’.

या प्रकरणात दलाल कोण होता? बऱ्याच ठिकाणी ओळखीचाच माणूस. गुंगीचं औषध कुठलं? भूक. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेकांकडे जमीन नाही, पावसाळा लागला की वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मालक बयाणा देतो, तो पावसाळ्यातच खाऊन संपलेला असतो, आणि मग सारं कुटुंब तो फेडायला सहा-आठ महिने घर सोडतं. ज्या घरात मोठी माणसं अशी आगाऊ रकमेवर जातात, त्या घरातलं मूल मेंढीवर जाणं ही फार लांबची उडी नाही. कायद्याने हा सरळ मानवी व्यापार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शोषणासाठी माणसाला नेणं, ठेवणं, स्वीकारणं हे सगळं येतं, आणि त्या माणसाची संमती होती की नव्हती याला काही किंमत नाही. मुलाच्या बापाने अंगठा दिला होता, हा बचाव तिथे टिकत नाही. शिवाय १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहेच.

आता हिशेब बघा. मूल सापडलं. त्याला वेठबिगारीतून मुक्त झाल्याचा दाखला मिळायला हवा. तो दंडाधिकारी देतात, म्हणजे व्यवहारात प्रांताच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. दाखला मिळाला तर केंद्राच्या योजनेतून तातडीची मदत मिळते, ३० हजार रुपयांपर्यंत. मुलांसाठी पुनर्वसनाची रक्कम २ लाख रुपये ठरलेली आहे, पण तिचा मोठा भाग आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेला आहे. शिक्षा म्हणजे खटला, खटला म्हणजे वर्षं. या वर्षांत मुलाला बालकल्याण समितीपुढे नेणं, जातीचा दाखला काढणं, आधार कार्ड, बँकेत खातं, आश्रमशाळेत प्रवेश, आईबापाला रेशनकार्ड, ते पुन्हा भट्टीवर निघाले तर मुलाला मागे कुठे ठेवायचं याची सोय, साक्षीच्या तारखेला सगळ्यांना गाडीत घालून न्यायालयात नेणं. हे करणारा एक कार्यकर्ता असतो. त्याला मोटारसायकल असते, पेट्रोल स्वतःच्या खिशातलं असतं आणि पगार असलाच तर तुमच्या-माझ्या घरी येणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा कमी असतो. तो दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून कुठल्या तरी वित्त कंपनीत वसुलीला जातो. फाइल तिथेच थांबते.

देणगीदाराने त्या वस्तीत पत्र्याची शेड बांधून दिली असती तर ती आजही उभी असती, हे खरं. पण मुलं तिच्यात नसती.

दुसरं उदाहरण मुंबईचं आणि जुनं. कामाठीपुऱ्यात १९८६ साली प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी ‘प्रेरणा’ सुरू केली. देहविक्रीच्या या वस्तीत जन्मलेल्या मुलींचं काय होतं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: आईच्या जागी मुलगी. त्यावर उपाय काय, याबद्दल मात्र कल्पना एकच होती, मुलांना तिथून उचला आणि लांब कुठे तरी आश्रमात टाका. प्रेरणाने आयांना विचारलं. आयांना मूल तोडून द्यायचं नव्हतं. त्यांना अडचण होती ती रात्रीची. दिवसा त्या स्वतः मुलाला बघू शकत. संध्याकाळी गिऱ्हाईक यायला लागलं की मूल खाटेखाली, नाही तर रस्त्यावर. आणि त्याच वेळी मुलींवर नजर ठेवणारी माणसं गल्लीत फिरत.

म्हणून १९८८ साली रात्रीचं पाळणाघर निघालं. महापालिकेच्या शाळेच्या खोल्यांत दिवसा शाळा भरते आणि रात्री त्या रिकाम्या असतात. तिथे मुलं संध्याकाळी येणार, जेवणार, अभ्यास करणार, झोपणार आणि सकाळी आईकडे किंवा शाळेत जाणार. ऐकायला किती साधं! हे अशा प्रकारचं जगातलं पहिलं केंद्र मानतात. मला त्यातलं अर्थशास्त्र फार आवडतं. इमारत बांधलेली नाही. जी आहे ती सार्वजनिक, आधीच करदात्याच्या पैशातून उभी. खर्च जवळजवळ सगळा माणसांचा. रात्रभर जागं राहणारी, तापलेल्या पोराला जेजे किंवा नायरला घेऊन पळणारी, दारू पिऊन दारात आलेल्या माणसाशी हुज्जत घालणारी, आणि सकाळी त्याच मुलीच्या आईशी आदराने बोलणारी माणसं. अशा खर्चाला कोनशिला कुठे बसवणार?

रात्रीच्या केंद्राचा दुसरा फायदा उशिरा कळतो. आईचा रोजचा संबंध राहतो, म्हणून मुलगी कुठे आहे हे संस्थेला ठाऊक असतं. एखादी चौदा वर्षांची मुलगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी विचारणा होते. धाडीने जे साधत नाही ते हजेरीपट साधतो. प्रेरणाने नंतर शिक्षणासाठी मदत आणि ज्या मुलांना खरंच लांब ठेवायला हवं त्यांना चांगल्या वसतिगृहात जागा मिळवून देणं, अशी कामं जोडली. तिन्ही मिळून पाहिलं की लक्षात येतं, हे संस्थेत मूल ‘ठेवण्याचं’ काम नाही, मूल हरवू न देण्याचं काम आहे.

या मुलांना वेगळं काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा आणि वसतिगृहं काढावीत अशी मागणी घेऊन गौरव जैन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने १९८९ साली ते नाकारलं. वेगळ्या शाळा म्हणजे कपाळावर शिक्का, असा त्यामागचा विचार होता. याच प्रकरणात १९९७ साली पुनर्वसनाबद्दल सविस्तर निकाल आला. पुढे मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की आई देहविक्री करते एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून तोडता येणार नाही. कामाठीपुऱ्यातल्या आया १९८८ला जे सांगत होत्या ते दिल्लीला पोचायला इतकी वर्षं लागली.

इथे एका मतभेदाचा उल्लेख केला नाही तर माझ्या सांगलीच्या मैत्रिणी मला जाब विचारतील. मीना शेषु यांची ‘संग्राम’ १९९२ पासून सांगलीत आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, व्हॅम्प, ही स्वतः या व्यवसायातल्या बायकांची संघटना आहे. धाडी घालून ‘सोडवणूक’ करण्याला त्यांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणं असं की सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात डांबणं ही सोडवणूक नव्हे, आणि धाडीत पहिली फरफट मुलांची होते. त्यांनी निपाणीला आपल्या मुलांसाठी स्वतःच ‘मित्रा’ नावाचं वसतिगृह काढलं. सज्ञान बाईच्या प्रश्नावर माझं मत त्यांच्याशी पूर्ण जुळत नाही. दबावाखाली दिलेल्या होकाराचं वजन किती, याबद्दल मला शंका आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मात्र वाद नाही, त्यांचाही नाही. आणि मुलांची काळजी आयांनाच जास्त, हे त्यांनी वसतिगृह चालवून दाखवलं आहे. देणगीदाराने दोन्ही बाजूंचे अहवाल वाचावेत. एकाच बाजूचे वाचले की माणूस फार लवकर भारावतो.

भारावण्यासारखी गोष्ट असते ती धाड. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई पोलिसांनी वस्तीवर मोठ्या धाडी घातल्या आणि शेकडो मुली ताब्यात घेतल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. पुढे काय? महाराष्ट्रातल्या सरकारी वसतिगृहांत त्या महिनोन्‌महिने पडून राहिल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला का-कू करत राहिलं; नागरिकत्वाची कागदपत्रं कुठे आहेत, हे प्रश्न आले, एचआयव्हीची भीती आली. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि त्यांनी शंभराहून अधिक मुलींना नेलं. त्यांत अनुराधा कोइराला यांनी १९९३ साली काढलेली ‘मैती नेपाळ’ होती. धाड एका रात्रीत झाली. परतीला निम्मं वर्ष गेलं. आणि परत गेलेल्या मुलीचं पुढचं आयुष्य, म्हणजे घर घेईल का, गाव घेईल का, काम काय करायचं, हे त्या संस्थांच्या वहीत गेलं, कुणाच्या बातमीत नाही.

हे आजही तसंच आहे. धाडीनंतर मुलीचं वय ठरवायचं, समितीपुढे चोवीस तासांत उभं करायचं, तिच्या घरी जाऊन चौकशी करायची. घर बंगालमधल्या चोवीस परगण्यात असेल तर तिथे जायचं. विकणारा मामाच निघाला तर तिला परत पाठवायचं की नाही ते ठरवायचं. दोन-तीन वर्षांनी साक्षीचा समन्स येतो. ती आता तिकडे शिवणकाम करते आहे, लग्न ठरलं आहे, सासरी कुणाला काही ठाऊक नाही. तिला दोन दिवस रेल्वेने मुंबईला आणा, आरोपीच्या वकिलासमोर उभी करा. बहुतेक जणी येत नाहीत, आरोपी सुटतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या मुलांची साक्ष त्यांच्याच गावाजवळच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य माध्यमाने घेण्याची कार्यपद्धती मंजूर केली, ही फार मोठी सोय झाली. पण तिच्याशेजारी त्या खोलीत विश्वासाचं माणूस बसायला लागतंच. त्या माणसाचा पगार हा ‘प्रशासकीय खर्च’ की ‘कार्यक्रम खर्च’, यावर मी देणगीदार कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी तासन्‌तास वाद घातला आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हेतू चांगला असेल. पण ज्या कामाचं भांडवलच माणूस आहे त्या कामाला ही कात्री कुठे लागते ते ताळेबंद वाचणाऱ्याला दिसतं.

आता उलट बाजू. सगळा पैसा चांगल्या कामाला जातो असं मी म्हणत नाही. तसं असतं तर माझा व्यवसाय बंद पडला असता.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ नावाचा प्रकल्प आहे. त्यांच्या पथकाने २०१७-१८ मध्ये बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या शंभराहून अधिक आश्रयगृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं. मुझफ्फरपूरच्या मुलींच्या एका आश्रयगृहातलं लैंगिक शोषण त्या अहवालातून बाहेर आलं. मे २०१८ अखेरीस गुन्हा नोंदला गेला, तपास सीबीआयकडे गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. ती संस्था सरकारी अनुदानावर चालत होती. मी हा प्रसंग माझ्या हाताखालच्या मुलामुलींना नेहमी सांगते. आमच्यासारखे पावत्या जुळवणारे तिथे वर्षानुवर्षं गेले असते तरी काही सापडलं नसतं, कारण तांदळाच्या पावत्या बरोबर असू शकतात. सापडलं ते मुलींशी बोलायला बसलेल्या माणसांना.

याहून अवघड गोष्ट नेपाळची. तिथल्या यादवीच्या काळात आणि नंतरही हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं गोळा करत. आईबापांना सांगत की काठमांडूत शाळेत घालतो, आणि त्याचे पैसेही घेत. तिथे मुलं ‘अनाथ’ म्हणून ठेवली जात आणि परदेशी पाहुणे, स्वयंसेवक, देणग्या त्यांच्याभोवती जमत. आईबाप जिवंत असलेली अनाथ मुलं! म्हणजे मुलांना नेणारा पैसा दुष्ट माणसाचा नव्हता, दयाळू माणसाचा होता. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या या मुलांच्या व्यापाराची तिथे दखल घेतली गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या डिसेंबरमधल्या ठरावात अनाथालयांच्या पर्यटनाविषयी इशारा दिला. हे लांबचं वाटत असेल तर आपल्याकडच्या कुठल्याही बालगृहात विचारा, खरोखर दोन्ही पालक गेलेली मुलं किती. आकडा ऐकून चकित व्हाल. बहुतेकांना आई असते. ती ऊसतोडीला असते, धुणीभांडी करते किंवा नवऱ्याने टाकलेली असते.

म्हणून मला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित वाटतं ते मूल घरीच राखण्याचं काम. आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी, तुरुंगात असलेल्या मुलाला घरीच सांभाळण्यासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७ हजार. तुम्हाला वाटेल, मग झालं की! होत नाही. अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो, शाळेचं पत्र लागतं, बँक खातं लागतं, गृहभेटीचा अहवाल लागतो, आणि समितीचा आदेश लागतो. नवऱ्यामागे दोन पोरं घेऊन राहिलेली बाई रोज बुडवून किती वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार? एक कार्यकर्ती वर्षभरात अशा कित्येक घरांचे अर्ज मार्गी लावते. तिच्या पगाराएवढी देणगी तुम्ही दिलीत तर सरकारचा त्याच्या कित्येक पट पैसा त्या घरांत येतो. माझ्या वाचनात आलेल्या पत्रकांत एवढा परतावा देणारा दुसरा खर्च मी पाहिलेला नाही. ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहाला मदत करणं हे त्याचंच भावंड; मूल आजीजवळ गावात राहतं, शाळेत टिकतं, मुकादमाच्या उचलीत मोजलं जात नाही.

पैसे देणाऱ्याने किती काळाची हमी द्यावी, याबद्दल आपल्याच इतिहासात एक नमुना आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. त्या मंडळींनी इमारतीचा चेक दिला आणि फोटो काढला, असं केलं नाही. त्यांनी विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं चालवायचा शब्द दिला. गावोगावच्या मंडळांतून दरवर्षी लहान लहान वर्गण्या गोळा केल्या. त्या भरवशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. धर्मांतराचा वाद झाला, पुण्यातल्या सल्लागारांनी राजीनामे दिले, मुली काढून नेल्या गेल्या, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण वर्गणी चालू राहिली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांतून मुलींना हेरून नेणारी माणसं फिरत असताना, बाई स्वतः तिथे जाऊन शेकडो मुली आणू शकल्या, केडगावचं ‘मुक्ती’ उभं राहू शकलं, याचं एक कारण मागे दहा वर्षांची तालीम झालेली माणसं होती. आजच्या कंपन्यांचा सामाजिक निधी एका आर्थिक वर्षाचा असतो. फार तर तीन. जानेवारीत मंजुरी, मार्चअखेर खर्च. आठव्या वर्षी सुटलेल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत कोण बघणार, या प्रश्नाला त्या तक्त्यात रकानाच नाही.

शासनाने करायचं ते संस्थांनी का करावं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली याच टाटा संस्थेच्या प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना पाठ व्हावा असा हा दहा-नऊ-आठ नंबर. देशभरच्या संस्थांनी तो वर्षानुवर्षं उचलला. २०२३ पासून सरकारने तो आपल्या हाती घेऊन ११२ शी जोडला. हक्काची गोष्ट सरकारने घेतली हे योग्यच. पण फलाटावर उतरलेलं एकटं पोर दुरून ओळखणारी, त्याच्याशी बोलत बोलत त्याच्या गावाचं नाव काढून घेणारी जी माणसं त्या वर्षांत तयार झाली, ती जिथे पांगली तिथे त्यांना पुन्हा उभं करायला पैसे लागतील. ते अंदाजपत्रकात लगेच येत नाहीत.

थोडं व्यवहाराचं. संस्था निवडताना चारित्र्याचा दाखला मागू नका, तो कुणीही देतो. मुलं राहत असतील तर बालन्याय कायद्याच्या कलम ४१ खालचं नोंदणीपत्र बघायला मागा. ते नसेल तर पैसे देऊ नका, आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याला कळवा. गेल्या वर्षी किती मुलं आली ते विचारू नका, किती परत घरी गेली आणि गेल्यावर त्यांच्याकडे कोण जाऊन आलं ते विचारा. मुलांना कोण भेटतं, कुणाच्या परवानगीने, हे विचारा. ‘कधीही या, मुलं गाणं म्हणून दाखवतील’ असं उत्तर आलं तर तिथून निघा. शेवटी पगारपत्रक मागा. काळजीवाहक बाईला किमान वेतन मिळतं का, ती किती वर्षं टिकली आहे, ते पाहा. दर सहा महिन्यांनी नवी बाई असेल तर ज्या मुलाला आधीच सगळ्यांनी टाकलं आहे त्याला पुन्हा कुणीतरी सोडून जातं आहे, आणि तुमच्या जिलबीने ते भरून येत नाही.

आणि फोटो. चेक देताना मुलांच्या रांगेसमोर उभं राहून काढलेला, मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आणि रोटरीच्या वार्तापत्रात छापलेला. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धंद्यातून सुटलेल्या मुलीच्या बाबतीत तर तो फोटो विकणाऱ्याला पत्ता कळवतो. मी ज्या संस्थांचं काम पाहते त्यांना आता सांगून ठेवलं आहे, देणगीदार फोटोचा आग्रह धरतो आहे अशी सबब घेऊन माझ्याकडे येऊ नका.

वेळ संपत आला, चिठ्ठी आली आहे. प्रश्न घ्यायचे आहेत. पहिला प्रश्न ८०-जीचा येणार हे मला अनुभवाने ठाऊक आहे, तेव्हा तो आधीच उरकते. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच या देणगीवर वजावट मिळेल, नव्या प्रणालीत मिळत नाही. २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, ती वजावटीला चालत नाही; धनादेश किंवा बँकेतून द्या. संस्थेकडून नमुना १०-बीईचं प्रमाणपत्र मागून घ्या, नुसती पावती पुरत नाही. आणि बँकेला दरमहाची स्थायी सूचना देत असाल तर हेतूच्या रकान्यात ‘कर्मचारी वेतन’ असं लिहा. लेखापालाला ते वेगळ्या खात्यात टाकावं लागतं, मग ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. हं, विचारा.